दाराबाहेरचे बूट

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात मला कुणी तोंडावर सांगत नाही. सगळे फक्त त्या हिशेबानं वागतात. नवऱ्याकडून गाडीची किल्ली हरवली तर तो आधी दुसरी किल्ली शोधतो आणि मग मला सांगतो. मुलीला परीक्षेत कमी मार्क पडले की तिचा पहिला फोन बापाला जातो. आणि त्या हिवाळ्यात अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आलेले माझे बाबा, त्यांच्या हातून चहा सांडला तर स्वतःच्या रुमालानं पुसून तो ओला रुमाल खिशात ठेवायचे. हे मला दिसत होतं. मी त्याला त्यांचा नीटनेटकेपणा समजत होते.

बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. वीज मंडळात तीस वर्षं काढलेली, आई जाऊन दोन वर्षं झालेली, आणि मधुमेह बावीस वर्षांचा. मधुमेहानं त्यांच्या पायांची जाणीव बरीचशी गेली होती. एकदा अंगठ्यात काच घुसून दोन दिवस तशीच राहिली आणि त्यांना पत्ताच नव्हता. फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा मोलकरणीनं सांगितलं. म्हणून ते इथे आल्या आल्या मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तळव्यांना एका बारीक तारेनं टोचून पाहिलं आणि बजावलं की यांनी घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, आत वापरायचे वेगळे बूट घ्या. मी मान डोलावली. बाबांनीही डोलावली. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर ते म्हणाले, "घरात बूट? देवघर आहे की तुझ्याकडे." मी म्हटलं, "तेच ना." विषय संपला.

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत पादत्राण येत नाही. नळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसालाही मी दारातच बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या देते. इथल्या बहुतेक मराठी घरांत हे चालतं, पण माझ्याकडे जरा जास्तच कडक आहे, हे मान्य. बाबांना मी बाहेरसाठी उत्तम बूट घेतले होते, आतून लोकर असलेले, अर्धा नंबर मोठे, बोटं दाबली जाऊ नयेत म्हणून. घरात ते मोज्यांवर फिरायचे.

बाबांना बर्फ दाखवायचा, ही कल्पना मुलीची. ती पंधरा वर्षांची. आजोबांशी तिचं मराठी तोडकंमोडकं आणि आजोबांचं तिच्याशी इंग्रजी त्याहून तोडकं, तरी दोघांचं तासन्‌तास जमायचं. आमच्याकडे हिवाळाभर नुसता पाऊस पिरपिरत असतो. खरा बर्फ बघायचा तर घाट चढून पलीकडे जायला हवं. मग फेब्रुवारीतल्या एका लाँग वीकेंडला घाटापलीकडच्या एका खोऱ्यात केबिन बुक केली. निघायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "स्टॉर्म वॉर्निंग आहे यार. कॅन्सल करूया का?" मी तेव्हा भाकऱ्यांचं पीठ डब्यात भरत होते. मी म्हटलं, "आता सगळं भरून झाल्यावर?" तो पोती-पिशव्या गाडीत टाकायला गेला.

भाड्याच्या केबिनला जाताना घरची परात कोण घेऊन जातं? मी घेऊन जाते. परात, पोळपाट, लाटणं, मोठं पातेलं, मसाल्याचा डबा. गाडी दुपारी तीनला पोचली तेव्हा बर्फ भुरभुरायला लागला होता. त्या रस्त्यावरचं शेवटचं घर एका बाईचं होतं. पासष्टीची असावी, अंगात ढगळा डांगरी पोशाख, कानटोपी. आसपासच्या चार-पाच केबिनांची देखरेख तीच करायची. तिनं ट्रॅक्टरवरूनच आम्हाला किल्ली दिली, बाबांकडे बघून हसली आणि म्हणाली, "आज रात्री भरपूर येणार आहे. मी सकाळी रस्ता मोकळा करायला येईन. तोवर आतच राहा." तिचं घर आमच्या केबिनपासून फर्लांगभर खाली होतं. धुराडं तेवढं दिसायचं.

केबिन लाकडी, वर उतरत्या पत्र्याचं छप्पर. दारासमोर लाकडी ओटा आणि ओट्यावर बसायला एक बाक. बूट काढून ठेवायला इतकी सोयीची जागा बघून मला बरंच वाटलं. सगळ्यांचे बूट मी बाकाखाली ओळीनं लावले. आत शिरले तर दाराच्या मागे एक लाकडी पाटी होती आणि तिच्याखाली रबरी ट्रे. पाटीवर पहिलीच ओळ: बूट आत आणावेत. मी हसले. म्हटलं, घ्या, यांना बूट घरात हवेत. खालच्या ओळी मी वाचल्या नाहीत.

मुलीनं वाचल्या. ती गुपचूप बाहेर गेली आणि स्वतःचे बूट आणून ट्रेमध्ये ठेवायला लागली. ट्रे होता चुलीजवळ, म्हणजे स्वयंपाक जिथे होणार तिथेच. माझं डोकं फिरलं.

"बाहेर ठेव ते."

"आई, द साइन सेज ब्रिंग देम इन. रूफवरून स्नो..."

"साइन घरमालकाची. घरात आपण आहोत. बाहेर ठेव म्हटलं ना?"

"बट देअर्स अ रीझन, इफ यू जस्ट रीड..."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सगळं इथे लिहीत नाही. संस्कार, उलट उत्तरं, इथे जन्मली म्हणजे कुणी शहाणी झाली नाही, असं नेहमीचंच. मुलीनं बूट उचलले, बाहेर बाकाखाली ठेवले, आत येऊन माळ्यावरच्या खोलीत गेली आणि जेवायलाच खाली उतरली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. ते एवढंच म्हणाले, "काहून ओरडतेस बाप्पा इतकी? लेकरू आहे." मी त्यांनाही काहीतरी तोडून बोलले. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

बर्फ संध्याकाळपासून जोरात लागला. बाबा खिडकी सोडेनात. आमच्या अमरावतीत मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, त्या माणसाला हे सगळं नवीन होतं. मध्येच दिवे गेले. बाबांनी लगेच खालच्या खांबांच्या दिशेनं बघून सांगितलं, "झाड पडलं असेल लाइनवर. आता सकाळपर्यंत विसरा." आम्ही मेणबत्तीत भाकरी-पिठलं खाल्लं, चुलीत लाकडं भरली आणि लवकर झोपलो. झोपेत कधीतरी मोठा धप्प आवाज झाला, सगळं घर हादरलं. नवरा म्हणाला, झाड असेल. मी कूस बदलली.

तो आवाज छपराचा होता. पाटीवरच्या खालच्या ओळींत तेच लिहिलेलं होतं: पत्र्यावरचा बर्फ एकदम घसरून ओट्यावर पडतो, बाहेर काही ठेवू नये.

सकाळी सातला जाग आली तेव्हा खोली गार पडली होती. चूल विझलेली. बाबांचं पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं आणि ते नव्हते. बाहेरून खरड-खरड आवाज येत होता. मी दार उघडलं.

ओट्यावर कमरेएवढा बर्फ होता. बाकाचा मागमूस नव्हता. त्या ढिगाच्या मध्यावर बाबा गुडघ्यांवर वाकून माझ्या परातीनं बर्फ उपसत होते. अंगात स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला मफलर, सगळं व्यवस्थित. पायांत फक्त मोजे. एक मोजा टाचेतून निघून मागे लोंबत होता. शेजारी त्यांनी खणून काढलेले बूट ओळीनं ठेवले होते: मुलीचे, माझे, नवऱ्याचा एक. अजून उजाडतंच होतं आणि बर्फ पडतच होता.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "पाच निघाले बघ," ते म्हणाले.

आणि मी ओरडले. हे लिहिणं मला भाग आहे. हात धरून आत आणण्याआधी मी दारात उभी राहून त्यांच्यावर ओरडले, वेडे झालात का, पायांत काय घातलंय ते तरी बघा. नवरा धावत आला, त्यानं त्यांना काखेत धरून आत ओढलं. बाबा सांगत होते, "अरे, मला काही थंडी लागतच नाही पायाला. तुम्हीच उगाच थंडी थंडी करता."

खुर्चीत बसवून मी मोजे काढले. मोजे कडक झाले होते. उजवा पाय लाल, ओला. डाव्या पायाची शेवटची तीन बोटं पांढरी होती, मेणबत्तीच्या मेणासारखी, आणि हाताला टणक लागत होती. काच रुतलेला तो अंगठा आठवला. बावीस वर्षांच्या मधुमेहात पायाला जखम झाली की पुढे काय काय होतं, ते मी मावशीच्या बाबतीत बघितलं होतं. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. बाबांचा पाय जाणार, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

फोनला रेंज नव्हती. वीज नसल्यानं नेट नव्हतं. गाडी कुठे आहे ते नुसता फुगवटा बघून ओळखायचं. तेवढ्यात माळ्यावरून मुलगी खाली आली, आजोबांचा पाय बघितला, ओट्यावरचे तिचे बूट उचलले आणि पायांत घातले. "आय विल गेट हर," एवढंच बोलून ती त्या बर्फात उतरली. कमरेएवढ्या बर्फातून ती धुराड्याच्या दिशेनं वाट काढत जाताना मी खिडकीतून बघत होते. बाबांनी सगळ्यांत आधी तिचेच बूट शोधून काढले होते म्हणून तिला जाता आलं.

इकडे नवऱ्यानं चूल पेटवली. मी माझ्या अकलेनं खोबरेल तेल कोमट केलं आणि बाबांची बोटं चोळायला घेतली. आमच्याकडे कशावरही तेल चोळणं हाच पहिला इलाज. त्यांना चुलीजवळ सरकवलं, पाय आगीकडे केले. चोळताना मी बडबडत होते, शिव्या देत होते, बहुतेक स्वतःलाच, पण ऐकणाऱ्याला ते कसं कळावं?

अर्ध्या तासानं ट्रॅक्टरचा आवाज आला. ती बाई दार ढकलून थेट आत आली, पायांत गुडघ्यापर्यंत बर्फानं लडबडलेले बूट, आणि तशीच चुलीकडे निघाली. आणि माझ्या तोंडून निघालं, "शूज, प्लीज."

ती थांबली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग तशीच पुढे आली. मी लाजेनं मेले.

"चोळू नका," ती म्हणाली. "आणि आगीपासून लांब घ्या त्यांना. पायाला कळतं का त्यांच्या?"

"नाही," मी म्हटलं. "डायबेटिस आहे."

"मग भाजलं तरी कळणार नाही."

मी पाय मागे ओढले. तिनं नवऱ्याला पातेलंभर बर्फ वितळवायला लावलं, कारण वीज नाही म्हणजे विहिरीचा पंप नाही आणि नळाला पाणी नाही. भांडी घासायच्या टबात पाणी ओतलं. कोमट हवं, अंगाएवढं, जास्त नको, असं सांगून तिनं ते बघायचं काम मला दिलं. मी कोपर बुडवून पाहिलं. मुलगी तान्ही असताना तिच्या आंघोळीचं पाणी मी असंच बघायची. आईनं शिकवलं होतं. गार झालं की गरम ओतायचं, परत कोपर. असं अर्धा-पाऊण तास. हळूहळू बोटं पांढऱ्याची जांभळी झाली आणि दोन बोटांवर फोड धरले. बाबांना आता दुखायला लागलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पायाला काहीतरी कळत होतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण हूं की चूं केलं नाही.

त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून असेल, त्या बाईनं त्यांच्याजवळ बसून विचारलं, "तुम्ही मोज्यांवर बाहेर का गेलात? कुणाला उठवायचं नाही का?"

बाबांना तिचं इंग्रजी कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघून, काही गैर नाही अशा थाटात हसत, त्यांच्या वीज मंडळाच्या इंग्रजीत ते म्हणाले, "माय डॉटर. शी गेट्स अँग्री. शी विल शाउट ऑन द चाइल्ड. सो बिफोर शी वेक्स अप..." आणि हातानं परातीनं उपसल्याची खूण केली.

माझं कोपर पाण्यात होतं. ते मी तिथेच ठेवलं. मुलगी दाराशी उभी होती, ओल्या बुटांसकट, रबरी ट्रेमध्ये. त्या बाईनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

घाटातला रस्ता दरड कोसळल्यासारखा बर्फ येऊन बंद होता, पण खोऱ्यातल्या लहान हॉस्पिटलपर्यंतचा मोकळा होत होता. तिनं बाबांचा पाय कोरड्या कापडात आणि टॉवेलात गुंडाळायला लावला. मग ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये तिच्या शेजारच्या अरुंद सीटवर त्यांना बसवून खाली तिच्या घरापर्यंत नेलं, आणि तिथून तिच्या ट्रकमध्ये आम्हाला सगळ्यांना. तिच्याकडच्या जुन्या, तारेच्या फोनवरून तिनं आधीच हॉस्पिटलला कळवलं होतं. वाटेत बाबा खिडकीतून पडलेली झाडं आणि तुटलेल्या तारा बघत होते. एका ठिकाणी लाइनमन खांबावर चढलेला दिसला, तर म्हणाले, "बघ, सकाळीच लागले कामाला. चांगली माणसं आहेत." मी त्यांचा हात धरला होता. सॉरी हा शब्द मी माझ्या आयुष्यात बाबांना कधी म्हटलेला नाही. आमच्या घरात तो शब्द नव्हताच.

तीन दिवसांनी बेलव्ह्यूला परत आलो. बोटं काळी पडत गेली. सर्जन म्हणाले, घाई करायची नाही, कुठपर्यंत मेलंय आणि कुठून जिवंत आहे हे शरीरालाच ठरवू द्यायचं. सात आठवडे आम्ही त्याची वाट बघितली. रोज सकाळी पट्टी बदलताना मी काळेपणाची रेषा बघायची, काल होती तिथेच आहे ना. वर सरकली तर पाऊल जाणार. त्या दिवसांत रात्री जाग आली की मला मावशीचा पाय दिसायचा. बाबांचं परतीचं तिकीट पुढे ढकललं. एप्रिलमध्ये डाव्या पायाची दोन बोटं काढली. पाऊल वाचलं. मधलं बोटही वाचलं.

'मी सांगत होते ना,' असं मुलीनं मला एकदाही ऐकवलं नाही. मी वाट बघत होते, खरं सांगते. पट्टी करताना ती शेजारी कात्री धरून उभी राहायची. तिनं म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, म्हणजे माझं ओझं उतरेल, असं मला वाटायचं. शेवटी मीच एकदा तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "तू पाटी वाचली होतीस. मी वाचली नव्हती. माझं चुकलं." ती लॅपटॉपवर काहीतरी करत होती. म्हणाली, "आय नो, आई." मग, "तू ऐकत नाहीस, सो आय स्टॉप्ड. आजोबांनीपण." मी खाली येऊन भांडी लावली.

टाके निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं, आता तर घरात एक पाऊलही अनवाणी नको. मी त्याच दिवशी बाबांना आत वापरायचे बूट आणले. मऊ, रुंद, पुढे पट्टा. घरी येऊन त्यांच्या पलंगाजवळ ठेवले. बाबांनी ते बघितले आणि पाय वर घेतले.

"बाहेर ठेव गं," ते म्हणाले. "घरात कसे घालू?"

"घालायचे. आजपासून."

"देवघरासमोरून जावं लागतं."

"जाऊ दे."

मी खाली बसले, त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि बूट चढवला. मग उजवा. पट्टे लावले. ते उठले, पलंगाला धरून दोन पावलं टाकली, दारापर्यंत आले. पलीकडे स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात देवघर, आणि त्यांची दिवा लावायची वेळ झालेली. बूट घातलेला एक पाय त्यांनी पुढे टाकला आणि थांबले. जिन्यावरून मुलगी उतरत होती, तीही थांबली.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू रागावणार तर नाहीस ना?" त्यांनी विचारलं.